पॉइंटर दिसला की मॅलॉक?

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात रविवारी सकाळी मी काही मुलांकडून सी भाषेचा सराव करून घेतो. परवा अर्ध्याहून अधिक जणांनी एकच जोडी लिहिली होती: पहिल्या ओळीत पॉइंटरला मॅलॉकने 100 बाइट, आणि लगेच त्याच पॉइंटरमध्ये स्ट्रडपने केलेली ‘बदलापूर’ या शब्दाची प्रत.

“सर, पॉइंटरला आधी जागा द्यावी लागते ना?”

मूळ गैरसमज हाच. पॉइंटरची स्वतःची जागा तो जाहीर करतानाच ठरते. त्याला हवा असतो फक्त वैध पत्ता. स्ट्रडप स्वतःच मॅलॉक करतं, मजकूर उतरवतं आणि नव्या जागेचा पत्ता देतं. तो जुन्या पत्त्याच्या जागी लिहिला गेला, की आधीचे 100 बाइट फ्री करायला पत्ताच उरत नाही. 64 बिट लिनक्सवर ग्लिबसी ही सी लायब्ररी या शंभरांसाठी 112 बाइट काढून ठेवते. 10 लाख नोंदींमागे ही गळती 11.2 कोटी बाइट.

“कंपायलर तो जादा मॅलॉक काढेल की!” साध्या प्रकरणात जीसीसी काढतोही, पण ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच. पॉइंटर दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनकडे गेला, तर सहसा नाही. “प्रोग्रॅम संपला की मेमरी परत मिळते,” हे खरं. पण महिनोन्‌महिने चालणारा सर्व्हर संपतो कधी?

फ्रीआधी पॉइंटर नल आहे का हे तपासण्याचीही गरज नाही. नलवर फ्री काहीच करत नाही, हे सी भाषेच्या 1989 च्या मानकातच आहे.

मात्र दिसेल तो मॅलॉक खोडू नका. स्ट्रकॉपी जागा मिळवत नाही; तिथे लांबीपेक्षा एक बाइट जास्त आपणच द्यायचा. ‘जागा कोण घेतं आणि सोडतं कोण?’ हे प्रत्येक फंक्शनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

मेमरी कुठवर खरोखर कामाची असते, हा प्रश्न संशोधनाचाही आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा 2007 चा शोधनिबंध पत्ता हाताशी असूनही पुढे न वापरल्या जाणाऱ्या मेमरीवर आहे. खेडकर आणि सन्याल तेव्हा आयआयटी मुंबईत होते. पवईत, आपल्या इतक्या जवळ, हे काम झालं हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

मग मुलांच्या त्या जोडीवर गळती शोधणारं व्हॅलग्राइंड चालवलं: दोन तुकडे, 122 बाइट हरवलेले. एकीने मॅलॉकची ओळ खोडली. उरले 22. ‘बदलापूर’मधली सात चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी तीन बाइट, आणि शेवटचं शून्य. “हे स्ट्रडपचे,” ती म्हणाली आणि खाली फ्री लिहिलं.