वटवाघळाच्या तोंडातून काय पडतं?

वटवाघूळ तोंडाने शी करतं, हे आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. ही समजूत आली कुठून, ते पाहायला जालन्यात मस्तगडच्या बाजूला राहत असाल तर अंधार पडताना गच्चीवर जा.

आधी प्राणी ओळखा. दिव्याभोवती भिरभिरते ती पाकोळी. ती किडे खाते. फळं खाणारं मोठं वटवाघूळ संथ पंख मारत सरळ जातं. पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या घरात, तोंड कुत्र्यासारखं, डोळे टपोरे. फळ ते नजरेने आणि वासाने शोधतं.

ओळखण्यात जाणकारही फसतात. १९४८ मध्ये तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन या निसर्गअभ्यासकाला मिळालेलं एक वटवाघूळ मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेहमीचं आखूड नाकाचं म्हणून ठेवलं गेलं. त्याला शेपूट नाही आणि पुढचे दात वर-खाली दोन-दोनच आहेत, हे हेरायला १९७२ उजाडलं. हेरलं ते किट्टी थोंगलोंग्या या थाई शास्त्रज्ञाने. जात तर नवी होतीच, पण प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) नवी निघाली. नाव दिलं पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं. हे वटवाघूळ दक्षिण सह्याद्रीच्या डोंगरी रानांतच राहतं.

आता खाणं. वटवाघूळ फळ जिभेने टाळूच्या खरबरीत वळ्यांवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं. सकाळी उंबराखाली चपट्या, कोरड्या गोळ्या दिसतात, त्या ह्याच. तोंडातून पडतो तो हा चोथा.

शी मात्र शीच्याच जागेतून होते. त्या वेळी ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरतं, पाय सोडतं आणि डोकं वर करून लटकतं. नाहीतर सगळं स्वतःच्याच अंगावर! खालून अंधारात कोणतं टोक कुठलं, हे कसं कळणार?

वड-पिंपळाचं बारीक बी रसाबरोबर पोटात जातं आणि थोड्याच वेळात दूर कुठेतरी पडतं. जुन्या तटांच्या सांध्यांत पिंपळ उगवतो, त्यात पक्ष्यांबरोबर वटवाघळांचाही हात असतो.

दोन चुका टाळा. वटवाघळाचं उष्टं फळ खाऊ नका. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्या घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या विषाणू संस्थेला निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. आणि जमिनीवर पडलेलं वटवाघूळ मेलंय असं धरू नका. त्याला सपाटीवरून उडायला जमत नाही, उंचावरून झेप घ्यावी लागते. हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.