विशेषनामाची चेष्टा : ‘क्रिसॅन्थेमम’ या बालपुस्तकाच्या निमित्ताने

मुलांनी एकमेकांना नावावरून चिडविणे हा शाळेतील नित्याचा प्रकार होय. या चिडविण्यात भाषेचा कोणता व्यापार घडतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. अमेरिकन लेखक व चित्रकार केव्हिन हेन्केस यांचे १९९१ साली प्रसिद्ध झालेले ‘क्रिसॅन्थेमम’ हे सचित्र बालपुस्तक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इतरांच्या चेष्टेला न जुमानता स्वतःशी एकनिष्ठ राहावे, असा त्याचा बोध सामान्यतः सांगितला जातो. तो कितपत यथार्थ आहे, हे कथेतील नामव्यवहाराकडे लक्ष दिल्यावाचून ठरविता येणार नाही.

कथेतील सर्व पात्रे उंदरांच्या रूपात रंगविलेली आहेत. नायिकेचे नाव क्रिसॅन्थेमम, म्हणजे शेवंतीचे फूल. शाळेत जाईपर्यंत हे नाव तिला अतिशय प्रिय असते. त्याचा उच्चार तिला आवडतो. पाकिटावर शाईने, वाढदिवसाच्या केकवर साखरेने आणि स्वतःच्या हाताने रंगखडूने लिहिलेले त्याचे रूपही आवडते. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी घेतली जाते आणि ते नाव ऐकताच मुले हसू लागतात.

चेष्टा करणाऱ्या मुलांचे आक्षेप तीन आहेत. नाव फार लांब आहे, नावाच्या चिठ्ठीवर ते जेमतेम मावते. त्यात १३ वर्ण, म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील २६ वर्णांच्या बरोबर निम्मे आहेत. आणि ते फुलाचे नाव आहे. यांपैकी तिसरा आक्षेप सर्वांत मर्मभेदी ठरतो. मुले तिला हुंगण्याची व खुडण्याची भाषा बोलू लागतात.

महाभाष्यात पतंजलींनी शब्दांच्या प्रवृत्तीचे जाती, गुण, क्रिया व यदृच्छा असे चार प्रकार सांगितले आहेत. विशेषनाम हे यांपैकी यदृच्छाशब्दांत मोडते. ते व्यक्तीचा निर्देश करते, तिच्या ठिकाणच्या एखाद्या धर्माचे वर्णन करीत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनीही १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात विशेषनामाविषयी जवळजवळ असेच मत मांडले होते. चेष्टा नेमका हाच संकेत मोडते. रूढीने झाकलेला जातिवाचक अर्थ ती उकरून काढते आणि विशेषनामाला पुन्हा सामान्यनाम बनविते. ज्याला नावाने हाक मारावयाची, त्याची गणना मग वस्तूंत होऊ लागते. मुलीला जे दुःख होते, त्याचे मूळ येथे आहे.

हे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्यास हा व्यापार अधिकच स्पष्ट दिसेल. शेवंती हा शब्द आटोपशीर आहे, आणि शेवंता हे मराठी स्त्रीचे रुळलेले नाव आहे. त्यामुळे लांबी व अपूर्वता हे दोन्ही आधार एकदम नाहीसे होतात. मूळ नाव तसेच ठेवले, तरी देवनागरीत ते पाच अक्षरांत बसते आणि निम्म्या वर्णमालेचा विनोद निरर्थक ठरतो. यावरून असे दिसते की, चेष्टेला कारणीभूत होणारा दोष नावात नसतो. तो त्या त्या लिपीच्या व समाजाच्या सवयींत असतो.

आईवडील मुलीची समजूत घालतात, तिच्या आवडीचे जेवण करतात, तिच्याशी पचिसी खेळतात. इतर मुलांना तुझा मत्सर वाटतो, असेही ते सांगतात. तथापि त्याचा परिणाम सकाळपर्यंतही टिकत नाही. आपले नाव जेन आहे, असे स्वप्न तिला पडते आणि ते तिला सुखद वाटते. म्हणजे चेष्टेपुढे ती अढळ राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. तिची सुटका संगीतशिक्षिकेकडून होते. या बाईंचे स्वतःचे नाव डेल्फिनियम, म्हणजे तेही लांब आणि तेही फुलाचेच. आपल्या होणाऱ्या बाळासाठी क्रिसॅन्थेमम या नावाचा विचार चालू असल्याचे त्या वर्गात सांगतात. त्यासरशी चिडविणाऱ्या मुलीच स्वतःला फुलांची नावे घेऊ लागतात.

हा शेवट म्हणजे वडीलधाऱ्यांच्या अधिकाराने मिळालेला विजय होय, असा आक्षेप घेता येईल. आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावयास हवे की, नाव ज्याचे असते त्याच्यापेक्षा इतरांच्याच मुखी ते अधिक असते. चारचौघांत मोडलेला संकेत घरातील समजुतीने सांधला जात नाही. तो चारचौघांतच, वापराने सांधावा लागतो. शिक्षिका नावाच्या अर्थाविषयी वाद घालीत नाहीत. त्या ते नाव आदराने उच्चारतात आणि पुढे आपल्या मुलीला तेच देतात.

तेव्हा ‘स्वतःशी एकनिष्ठ राहा’ हा उपदेश एकट्या मुलाच्या शिरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. त्या निष्ठेचा काही भार त्याचे नाव उच्चारणाऱ्यांनीही उचलावयाचा असतो. हजेरीच्या वेळी पहिले हसू उमटते, त्याच क्षणी वर्गशिक्षकाची ही जबाबदारी सुरू होते.