विसर, म्हातारपण आणि आपली दिनचर्या

तहसील कचेरींत अभिलेखाचें काम करीत असतां करवीर तालुक्यांतील एक वृद्ध खातेदार एका महिन्यांत चार वेळां सात-बाराचा उतारा मागावयास आले. चारही वेळां त्यांनीं गट नंबर बरोबर सांगितला, परंतु उतारा आपण पूर्वीं नेला आहे हें त्यांस आठवेना. चौथ्या खेपेस मीं त्रासून, “आबा, परवांच नेलात कीं,” असें म्हटलें, आणि टेबलाभोंवतीं उभे असलेले लोक हंसले. आबाही हंसले. पुढें वर्षभरांत ते स्वतःच्या मळ्याची वाट चुकूं लागले. त्यांच्या मुलानें मागाहून सांगितलें कीं, आबांस रक्तदाब होता, “आतां बरें वाटतें” म्हणून त्यांनीं गोळ्या सोडल्या होत्या, आणि ऐकूं येईना म्हणून पारावर बसणेंही केव्हांच टाकलें होतें. त्या दिवशींचें तें हंसणें मला अद्यापि टोंचतें.

आपल्याकडे “साठी बुद्धि नाठी” म्हणून अशी गोष्ट सोडून देण्याची चाल आहे. परंतु वार्धक्य निराळें आणि स्मृतिभ्रंश निराळा. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें कोणाच्याही वांट्यास येतें. चष्मा कशासाठीं असतो हें कळेनासें होणें किंवा रोजची वाट चुकणें हें मेंदूच्या रोगाचें लक्षण होय. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील लोकांपैकीं ७.४ टक्के, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, ह्या रोगानें ग्रस्त आहेत, आणि शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आहे. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें नमूद केलीं. तीं सर्व दूर झालीं तर सुमारें ४५ टक्के रोग टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. बाकीचा भाग वय व आनुवंशिकता इत्यादींकडे जातो.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, आम्ही शेतांत राबणारीं माणसें, आम्हांस व्यायाम काय सांगतां! ज्याच्या हातांत अजून खुरपें आहे त्यास खरोखर कांहीं सांगणें नाहीं. परंतु आम्हां खातेदारांपैकीं आज स्वतः राबणारे किती? लावण मजूर करितात, सरी ट्रॅक्टर सोडतो, तोड टोळी करिते, पाण्याची मोटर घरबसल्या मोबाइलवरून सुरू होते, आणि बांधापर्यंत जावयाचें तें मोटारसायकलवरून. जेवण मात्र नांगर धरणाऱ्या आजाइतकेंच.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें दोन टक्के, परंतु शरीरास लागणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें वीस टक्के तो एकटा खातो. ती त्यास बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. रक्तदाब वर्षानुवर्षें चढलेला राहिला कीं त्या जाड व कठीण होतात, आणि पाटाच्या शेवटच्या सरीस पाणी पोंचूं नये तशी मेंदूच्या आंतील भागाची स्थिति होते. मधुमेह, रक्तांतील चरबी व विडी-सिगारेट हींही रक्तवाहिन्यांचा असाच नाश करितात. दुखत कांहींच नाहीं. म्हणूनच चाळिशींत, मनुष्य धडधाकट दिसत असतां, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन दाब मोजून घ्यावा. मिठाचें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेलें मान दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमच्याच्या आंत, आहे. लोणचें, पापड व खर्डा रोज खाणाऱ्यानें आपला हिशेब आपणच करावा. तांबडा-पांढरा रस्सा सोडा असें मी म्हणत नाहीं. माझ्याच्यानेंही तें होणार नाहीं.

सर्वांत दुर्लक्षिलेलें कारण म्हणजे कान. मळणीयंत्र, ट्रॅक्टर व मिरवणुकींतील डॉल्बी ह्यांनीं कान जातो तो हळूहळू जातो. मनुष्य प्रथम “काय?” म्हणून विचारतो, पुढें विचारण्याची लाज वाटून नुसती मान हालवितो, आणि मग चारचौघांत जाणेंच सोडतो. अर्धवट ऐकलेल्या शब्दांचा मेळ घालतांना बुद्धि शिणते, व बोलणेंचालणें बंद पडल्यानें तीस खाद्यही मिळत नाहीं. त्या १४ कारणांत बहिरेपणा, मंद दृष्टि आणि एकटेपणा हीं तिन्ही आहेत. मोतीबिंदू काढून घेण्यास आतां कोणी लाजत नाहीं. श्रवणयंत्रास मात्र लाजतात, हें चमत्कारिक आहे.

डोक्यास मार व दूषित हवा हींही त्यांतच येतात, तेव्हां शिरस्त्राणाचा व पाचट पेटविण्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. बालपणीं शिक्षण न मिळणें हेंही एक कारण आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तो हुकूम ह्याही दृष्टीनें दूरदर्शी ठरतो.

उशीर झाला असें मात्र समजूं नये. फिनलंड देशांत ६० ते ७७ वर्षांच्या १२६० लोकांवर दोन वर्षें प्रयोग झाला. निम्म्यांस योग्य आहार, नियमित व्यायाम, बुद्धीचा सराव व रक्तदाबादिकांची देखरेख लावून दिली. बाकीच्यांस केवळ सर्वसाधारण सल्ला. पहिल्या गटाची बुद्धि अधिक चांगली राहिली, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. शिवाय प्रत्येक विसर कायमचा नसतो. थायरॉइडचा बिघाड, खिन्नता किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ह्यांनींही आठवण मंदावते, व उपचारानें पुष्कळदां सुधारते. माळकरी मंडळींनीं, विशेषतः दूधदुभतें कमी घेणारांनीं, ब-१२ ची तपासणी अवश्य करावी.

एक गोष्ट माझ्या पूर्वीच्या धंद्यांतली. वडीलधाऱ्यांस विसर पडूं लागला तर त्यांस प्रथम दवाखान्यांत न्यावें, कचेरींत नव्हे. व्यवहार करतेवेळीं ज्यास त्याचा अर्थ समजत नाहीं व आपलें हित-अहित ठरवितां येत नाहीं, त्याचा करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें टिकत नाहीं. घाईनें अंगठा घेऊन केलेलें बक्षीसपत्र भावाभावांत दिवाणी लावतें, हें मीं पाहिलें आहे. आबांच्या घरीं तसें झालें नाहीं. मुलानें त्यांस कोल्हापुरास नेऊन गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कानास यंत्र बसविलें. गेलेली आठवण परत आली नाहीं. पण संध्याकाळीं नातू त्यांस हात धरून पारावर आणून बसवितो, आणि गट नंबर ते अजून बरोबर सांगतात.