बिली हॉलिडे : कीर्तीची किंमत कोणी मोजली?

कलावंताचे नाव झाले, पेपरात फोटो छापून आला की त्याचे भले झाले, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण प्रसिद्धी सर्वांना सारखी लाभत नाही. ज्याच्या पाठीशी वर्ण, जात आणि पैसा आहे त्याला ती ढाल होते. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्या हातात ती बेडी ठरते. हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडे हिचे आयुष्य आमच्या कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

१९१५ साली जन्मलेली ही मुलगी बाल्टिमोरच्या गरिबीत वाढली. हार्लेमच्या क्लबांत गात ती पुढे आली. १९३८ साली आर्टी शॉ या गोऱ्या वादकाच्या ताफ्यात गात असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला मालवाहू लिफ्टने ये-जा करायला लावले गेले. लोक जिचे गाणे ऐकायला येत, तिला मात्र मागची वाट! पाणवठ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत तिने 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे गायिले. गोऱ्या झुंडींनी मारून झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांची ती व्यथा होती. लिहिले होते एबल मीरोपोल या ज्यू शिक्षकाने. तिच्या बड्या रेकॉर्ड कंपनीने, कोलंबियाने, ते ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला. अखेर कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने ते काढले.

१९४७ साली अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात तिला अटक झाली. ती व्यसनाधीन होती, हे आम्ही लपवीत नाही. तिने गुन्हा कबूल केला आणि उपचारासाठी इस्पितळात पाठवा अशी विनंती केली. शिक्षा झाली एक वर्ष एक दिवसाची! आजारी बाईला दवाखान्याऐवजी तुरुंग मिळाला. मार्च १९४८ मध्ये सुटून आल्यावर काही दिवसांतच तिने कार्नेगी हॉलमध्ये गायिले, तेव्हा सभागृह खच्चून भरले होते. म्हणजे कीर्ती कमी झाली नव्हती. हिरावली गेली ती भाकरी.

कशी, ते वकील म्हणून आम्ही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबात काम करायचे तर पोलिसांनी दिलेले 'कॅबरे कार्ड' लागे. शिक्षा झाल्यावर तिला ते नाकारण्यात आले. १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या दुसऱ्या खटल्यात ती निर्दोष सुटली, तरी कार्ड मिळाले नाही. चार्ली पार्कर, थेलोनियस मंक या कृष्णवर्णीय वादकांचीही कार्डे अशीच गेली. शिक्षा भोगून झाल्यावरही पोट मारण्याची ही शिक्षा चालूच राहिली. ती पद्धत १९६७ साली रद्द झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बिलीच्या नशिबी तो न्याय नव्हता.

या काळात वृत्तपत्रांना तिची अटक हवी होती, कोर्टाच्या पायऱ्यांवरचा फोटो हवा होता. व्यसनी बाई ही बातमी झाली. झाडाला टांगलेली माणसे मात्र बातमी झाली नाहीत. कोणावर प्रकाश टाकायचा आणि कशावर अंधार ठेवायचा हे प्रस्थापितांची माध्यमे ठरवतात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले, तेव्हा बड्या वृत्तपत्रांना जाग यायला किती आठवडे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही.

१९५९ साली यकृताच्या आजाराने ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन इस्पितळात दाखल झाली. तिथे खाटेवरच तिला अटक झाली, बोटांचे ठसे घेतले गेले, दाराशी पोलीस बसले. १७ जुलैला ती गेली. वय अवघे ४४. पुढे १९७२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. १९९९ साली 'टाइम' मासिकाने 'स्ट्रेंज फ्रूट'ला शतकातील सर्वश्रेष्ठ गीत ठरविले. आणि झुंडबळीला संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरवायला मार्च २०२२ उजाडला; गाण्यानंतर ८३ वर्षे! मेल्यावर गौरव करणे व्यवस्थेला परवडते, कारण मेलेली गायिका पुन्हा गात नाही.

आता प्रश्न आपला. भीमगीतांनी चळवळ वस्तीवस्तीत पोचविली. जयंतीला ज्यांच्या आवाजावर आपण टाळ्या वाजवतो, त्या गायकांच्या घरी चूल पेटते का, आजारपणात औषध मिळते का, हे आपण विचारतो का? सत्कार, शाल आणि फोटो यांनी पोट भरत नाही. जयंती मंडळांनी मानधन लेखी ठरवावे व वेळेवर द्यावे. वस्तीतील विहार समित्यांनी कलावंतांच्या उपचारासाठी निधी उभारावा. गाण्यामुळे कोणावर खटला भरला गेला तर आम्हा वकिलांनी फी न घेता उभे राहावे. श्रद्धांजलीची भाषणे पुष्कळ झाली. गायक हयात असताना त्याच्या पाठीशी उभे राहणे, हेच आता आपले काम आहे.