पोट काळंनिळं झालं म्हणून इंजेक्शन थांबवू नका

खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पेशंट काही दिवसांनी घरी येतो. औषधांच्या पिशवीत आधीच भरून आलेल्या छोट्या सिरिंज असतात. एनॉक्सापॅरिन, रोज एक, पोटावर. तीन-चार दिवसांत बेंबीच्या आजूबाजूला निळे-जांभळे डाग उमटतात. मग घरातलं किंवा शेजारपाजारचं कुणीतरी ठामपणे सांगतं, "आतून रक्त फुटायला लागलंय. हे इंजेक्शन यांना सोसत नाही, बंद करा." डॉक्टरांना फोनही न करता उरलेल्या सिरिंज कपाटात जातात.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या या इंजेक्शनाबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, पण इतका चिवट आणि इतका घातक दुसरा नाही.

डाग का पडतो, हे समजायला अवघड नाही. सुई जेमतेम अर्ध्या इंचाची असते. ती कातडीखालच्या चरबीत थांबते. आतडी, जठर यांच्या जवळपासही पोहोचत नाही. चरबीतली एखादी केसाएवढी रक्तवाहिनी टोचली जाते आणि गोठणं मंद करणारं औषध नेमकं तिथंच असल्यामुळे थोडं रक्त कातडीखाली पसरतं. डाग पुढे हिरवट, मग पिवळसर होतो आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. पोटाच्या आत काय चाललंय याबद्दल तो काहीही सांगत नाही.

शिवाय यातले बरेचसे डाग आपल्याच हाताने वाढवलेले असतात. इंजेक्शन झालं की कापसाने जागा खसाखसा चोळायची, ही सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली. इथे ती पूर्णपणे चुकीची आहे. चोळू नका, असं औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही आणि अनेकदा दवाखान्यातही कुणी समजावून सांगत नाही.

पद्धत अशी. पाठ टेकून आरामात बसायचं किंवा आडवं व्हायचं. बेंबीपासून किमान दोन इंच दूर, बाजूची जागा घ्यायची. आज डावी, उद्या उजवी. जुन्या टाक्यांचा व्रण किंवा आधीचा डाग टाळायचा. चिमटीत कातडीची घडी धरायची आणि सुई सरळ, पूर्ण आत घालायची. दट्ट्या सावकाश दाबायचा. सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही, हे बहुतेक जण विसरतात. रक्त आलंच तर कापूस नुसता दाबून धरायचा.

आता इंजेक्शन सोडल्यावर काय होऊ शकतं ते पाहू. १९९६ साली स्वीडिश सर्जन डेव्हिड बर्गक्विस्ट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. खुब्याचा सांधा बदललेल्या सगळ्या रुग्णांना हॉस्पिटलात एनॉक्सापॅरिन मिळालं. नंतर निम्म्यांना ते आणखी तीन आठवडे दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. शेवटी पायांच्या शिरांची तपासणी केली, तेव्हा औषध लवकर थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांत गुठळ्या सापडल्या. चालू ठेवलेल्यांत १८ टक्के. शिरेतली गुठळी अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

"आता चालायला लागलोय, मग कशाला?" हा प्रश्नही इथेच निकाली निघतो. चालणं हवंच, पण ते औषधाची जागा घेत नाही. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली दिलेल्या शिफारशींनुसार अशा मोठ्या ऑपरेशननंतर किमान १० ते १४ दिवस आणि शक्यतो ३५ दिवसांपर्यंत संरक्षण द्यावं. ते इंजेक्शनाने की गोळीने, हे डॉक्टर ठरवतात. किती दिवस, हेही तेच ठरवतात, शेजारी नव्हे.

"गुठळ्या गोऱ्या लोकांना होतात, आपल्याकडे नाही," हा आणखी एक भ्रम. 'एंडॉर्स' या ३२ देशांतल्या पाहणीत भारतीय हॉस्पिटलांमधले निम्म्याहून अधिक रुग्ण गुठळीच्या धोक्याच्या गटात निघाले. शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपाय त्यांच्यातल्या पाचातल्या एकालाही मिळत नव्हते.

या औषधात धोका नाही, असं मात्र कुणी समजू नये. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला फुप्फुसातल्या गुठळीचा पूर्वेतिहास होता. सप्टेंबर २०१७मध्ये सिझेरियन झालं तेव्हा तिचं नेहमीचं गुठळीविरोधी औषध ऑपरेशनसाठी थांबवलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. स्कॅन करा आणि एनॉक्सापॅरिनच्याच गटातलं हेपॅरिन सुरू करा, असं तिने स्वतःच सांगितलं. स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. पुढे खोकल्याने टाके उसवले आणि त्याच औषधामुळे पोटात रक्त साचलं. दोन्ही संकटं खरी होती, आणि दोन्ही वेळा निर्णय घेतला तो तपासणी करून.

म्हणून घाबरायचं कशाला, ते नीट लक्षात ठेवा. शौचाला काळं किंवा लाल होणं, लघवीतून रक्त, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, अचानक तीव्र डोकेदुखी, पडून डोक्याला मार, वेगाने पसरणारी टणक सूज. कमरेतून भूल दिली असेल तर पाय बधिर किंवा लुळे पडणं. यातलं काहीही झालं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

बाकीचे समज थोडक्यात. सिरिंजमधला बुडबुडा जीव घेत नाही, कारण औषध शिरेत जातच नाही. पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर तो काढूच नये, काढताना औषध सांडतं. गरोदरपणी हेपॅरिन गटाची इंजेक्शनं बाळापर्यंत जात नाहीत, ती वार ओलांडत नाहीत. पालेभाज्यांचं पथ्य वॉरफॅरिन, एसिट्रॉमसारख्या गोळ्यांसाठी असतं, या इंजेक्शनासाठी नाही. लसूण आणि हळद त्याला पर्याय नाहीत. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनानेच घेणं मात्र धोक्याचं, त्याने रक्तस्राव वाढतो. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट घेऊ नये. किडनी कमजोर असेल तर ते आधीच सांगावं, कारण हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं आणि मात्रा कमी करावी लागते. ते डुकराच्या आतड्यापासून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनतं. त्याला हरकत असेल तर डॉक्टरांशी बोलावं, फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेलं इंजेक्शन उपलब्ध आहे.

आणि वापरलेली सिरिंज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या सुयांना घातक कचरा ठरवलं होतं. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात त्या साठवा आणि तो डबा दवाखान्यात नेऊन द्या. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात तुमची सुई घुसता कामा नये.