खोट्या निरोपाची किंमत
बॉनेटखाली : लेखांक ९

मागच्या आठवड्यात मोठे इंजेक्टर कसे निवडायचे ते पाहिलं, पण एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. या इंजेक्टरांना हुकूम कोण देणार? कंपनीचा ईसीयू जुन्या इंजेक्टरांच्या मापानेच पेट्रोल मोजतो. दीडपट मोठे बसवले की तेवढ्याच वेळात दीडपट पेट्रोल पडतं. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पिगीबॅक टाकायचा की स्टँडअलोन? उत्तर बहुतेक वेळा खिशाकडे बघून दिलं जातं. तसं ते दिल्यामुळे काय झालं, ते माझ्यासमोर टेबलावरच पडलं आहे.

हा एका मित्राच्या जिप्सीतला पिस्टन. १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, त्यावर छोटा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि त्यांना आवरायला पिगीबॅक. पिस्टनच्या माथ्यावर, कडेच्या बाजूला, कुणी जाड वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे आहेत. वरच्या दोन रिंगांमधली भिंत नखाएवढी तुटली आहे. त्याच सिलिंडरचा प्लग भिंगाखाली धरला तर पांढऱ्या चिनी मातीवर चकचकीत ठिपके दिसतात. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. हा सगळा नॉकिंगचा पुरावा. पण गंमत अशी की मिश्रण मोजलेलं होतं आणि ते बरोबर होतं.

मग चुकलं कुठे? पिगीबॅक हा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसणारा निरोप्या आहे. इंजेक्टर मोठे आहेत, पेट्रोल कमी करायचं आहे, म्हणून तो मॅप सेन्सरचा निरोप बदलून सांगतो : ‘आत हवेचा दाब कमी आहे.’ ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि पेट्रोल कमी देतो. इथपर्यंत ठीक. पण ईसीयू त्याच आकड्यावरून ठिणगीची वेळही ठरवतो. इंजिनावर भार कमी आहे असं वाटलं की तो टायमिंग पुढे घेतो. हलक्या भाराला ठिणगी टीडीसीच्या ३५ अंश आधी पडली तरी इंजिनाला त्रास होत नाही. टर्बो भरून दाबत असताना मात्र त्याच फेऱ्यांना याच्या निम्म्यावर थांबावं लागतं. म्हणजे पेट्रोल टर्बोचं आणि टायमिंग टर्बो नसल्यासारखं. ज्या निरोपाने मिश्रण सुधारलं, त्यानेच पिस्टन फोडला.

दुसरी अडचण हळूहळू कळते. बेताच्या वेगाने गाडी चालते तेव्हा ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत असतो. तुम्ही पिगीबॅकने पाच टक्के पेट्रोल काढलं, तर ईसीयूला मिश्रण लीन झालेलं दिसतं आणि काही दिवसांत तो ते पाच टक्के परत भरून काढतो. डायनोवर छान निघालेली गाडी पंधरा दिवसांनी पूर्वपदावर येते, आणि मालकाला वाटतं ट्यूनरने फसवलं.

याचा अर्थ पिगीबॅक वाईट असा नाही. इंजेक्टर आणि ठिणगी दोन्ही स्वतः हाताळणारे डबे मिळतात. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक त्याच जातीचा. एक्झॉस्ट, फिल्टर, फार तर कॅमशाफ्ट एवढाच बदल असेल तर असा डबा पुरतो. दुकानदाराला एकच विचारा : हा टायमिंग मागे घेऊ शकतो का? उत्तर नाही असेल तर टर्बोच्या गाडीसाठी तो घेऊच नका.

स्टँडअलोनमध्ये निरोप्याच नसतो. कंपनीचा ईसीयू बाजूला होतो आणि सगळा हिशेब नव्या डब्याकडे जातो. अमेरिकेतल्या ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांचा मेगास्क्वर्ट हौशी लोकांनी घरी सोल्डरिंग करून जोडला आणि त्यातून कितीतरी जण ट्यूनिंग शिकले. स्पीडुइनो आर्डुइनोच्या बोर्डावर चालतो. वरच्या किमतीला ऑस्ट्रेलियाचे हॉलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक. नावांच्या या यादीत अडकायचं कारण नाही. पहिल्यांदा बघायचं ते इंजिनाचं दातेरी चाक. कुठे साठ दात्यांतले दोन गाळलेले असतात, कुठे छत्तीसांतला एक, कुठे याहून वेगळंच. मिनिटाला ६००० फेऱ्यांना क्रँकची एक फेरी दहा मिलिसेकंदांत होते आणि एका अंशाला २८ मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. डब्याला तुमच्या चाकाची भाषा कळत नसेल, तर बाकीच्या सोयी असून नसल्यासारख्या.

दुसरी गोष्ट बाहेरच्या हवेचा दाब. मुंबईत ट्यून केलेली गाडी पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला पोचते तेव्हा हवेचा दाब साधारण पंधरा टक्क्यांनी घटलेला असतो. फक्त थ्रॉटलच्या कोनावर पेट्रोल ठरवणारा तक्ता असेल आणि डब्याला हा दाब मोजता येत नसेल, तर वर गाडी काळा धूर सोडते.

आणि आता पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जुन्या पेट्रोलवर बसवलेला तक्ता त्यामुळे सात-आठ टक्के लीन पडतो, आणि फुल थ्रॉटलला तो सावरायला कुणी नसतं. इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर लावता येतो. शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ, शंभर टक्क्यांना १५० असा साधा त्याचा हिशेब. तो जोडायची जागा डब्यात आहे का, हे मी हल्ली चाकाच्या खालोखाल विचारतो.

नव्या बीएस-६ गाड्यांत मीटर, एबीएस, स्टिअरिंग सगळे ईसीयूशी सतत बोलत असतात. तो काढला की अर्धी गाडी मुकी होते. तिथे कंपनीच्याच ईसीयूत रीमॅप करणं शहाणपणाचं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीकृत गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. हे सगळं मी ट्रॅकवरच्या आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी लिहितो आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या शहरात जो ट्यूनर आहे, तो रोज ज्या डब्यावर काम करतो तोच घ्या, मग कागदावर दुसरा कितीही सरस दिसो. फुल थ्रॉटलचा तक्ता डायनोवर एका दुपारी बसतो. खरा घाम निघतो तो सकाळच्या पहिल्या स्टार्टला, एसी लावल्यावर आयडलला, सिग्नलवर पाय सोडल्यावर. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. स्टार्ट चुकला तर पुढचा प्रयत्न उद्या. अशा महिनाभराच्या कामात फोन उचलणारा माणूस हवा.

मित्राच्या जिप्सीत आता नवे पिस्टन आणि स्टँडअलोन आहे. सीटखाली त्याची चौकटीची वही असते. रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी तो पाण्याचं तापमान लिहितो, मग इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवला ते, मग इंजिन किती फेऱ्यांत लागलं ते. परवाची नोंद : १६ अंश, दुसऱ्या फेरीला चालू, आयडल थोडं वर.

पुढील लेखांकात : वाइडबँड सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा.