उस्ताद चूक सांगतात, संगणक शिकतो

तेलंगणातल्या आदिलाबादच्या गोंड वस्त्यांमध्ये दिवाळीच्या सुमारास दंडारी-गुस्साडी ही नृत्यपरंपरा रंगते. तिचे ठेके कागदावर नव्हे, वादकांच्या हातांत जपलेले असतात. असे ज्ञान संगणकाला शिकवता येईल का?

याचा सर्वात देखणा प्रयत्न लखनौच्या तबल्यावर झाला. 1980 च्या दशकात जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल या संशोधकांनी ‘बोल प्रोसेसर’ हा संगणक-प्रोग्राम घडवला. ‘कायदा’ या तबल्यावरच्या रचनेचे नियम व्याकरणासारखे मांडायचे, त्यांतून संगणकाने तिचे नवे पलटे, म्हणजे बोलांचे फेरफार, रचायचे आणि उस्ताद आफाक हुसेन खाँ यांनी ते योग्य की चूक ते सांगायचे. चूक निघाली की नियम बदलायचा. निवाडा उस्तादांचा, हे मला फार मोलाचे वाटते.

काही नियम मात्र निव्वळ हिशेबाचे असतात. तिहाईचे, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचे, गणित संगणकाला सोपे. 16 मात्रांच्या तीनतालात समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, ‘धा’वर संपणारा पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्या, मध्ये एकेक मात्रा सोडा: 5+1+5+1+5, म्हणजे 17. शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर!

पण वादकाचे वाजवणे ऐकून चुका दाखवणाऱ्या सरावाच्या सॉफ्टवेअरची खरी कसोटी वेळेची. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिची चौगुन केली, म्हणजे एका मात्रेत चार बोल वाजवले, तर प्रत्येक बोलाला 125 मिलिसेकंद. फोनला आवाज टिपायला आणि वाजवायला लागणारा उशीर आधी मोजून वजा केला नाही, तर अचूक वाजवणाराही चुकलेला ठरतो. गुस्साडीसाठी असे काही करायचे तर निवाड्याला तिथलेच वादक हवेत.